भूल म्हणायचं राहिलं

पिरंगुटला माझ्या दवाखान्याच्या पाटीवर ‘सर्व प्राण्यांवर उपचार’ असं लिहिलंय. पाटी रंगवणाऱ्याने त्याखाली हौसेने एक गाय, एक कुत्रा आणि एक पोपट काढला. मांजराला जागा उरली नाही. आता माझ्याकडे येतात ती बहुतेक मांजरंच, आणि त्यातही म्हातारी. कोणी दहा वर्षांचं, कोणी बारा. एक बोका तर एकोणीस वर्षांचा होता, मालकिणीपेक्षा जरा बऱ्या तब्येतीचा. डावीकडे मोबाइल दुरुस्तीचं दुकान, उजवीकडे पंक्चरवाला, आणि मधल्या गाळ्यात मी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे बांधून कुणाच्या तरी मांजराच्या तोंडाचा वास घेत बसलेली. निवृत्तीनंतर बायका नातवंडं सांभाळतात, मी हे करते.

सरकारी नोकरीतली सगळी वर्षं माझी गुराढोरांत गेली. अडलेली गाय, पोट फुगलेला बैल, लाळ्या-खुरकुताची लस, आणि पावसाळ्यात चिखलातून ढकललेली स्कूटर. बाई डॉक्टर आलेली बघून सुरुवातीला लोक माझ्या मागे बघायचे आणि ‘डाक्टर कुटं हायेत?’ म्हणून मलाच विचारायचे. खांद्यापर्यंत हात घालून वासरू ओढून काढलं की विचारणं बंद व्हायचं. मांजर घेऊन दवाखान्यात आलेला माणूस मात्र पहिली पंधरा वर्षं मी पाहिलाच नाही. मांजर घरात असायचं, उंदीर धरायचं आणि एक दिवस दिसेनासं व्हायचं. ‘गेली कुटंतरी’ हाच त्याचा मृत्यूचा दाखला.

पुढे शेतं विकली गेली. गोठ्यांच्या जागी कामगारांना भाड्याने द्यायच्या खोल्या उभ्या राहिल्या, माळावर सोसायट्या आल्या, आणि तालुक्यातली गुरं माझ्या डोळ्यांदेखत कमी होत गेली. मी निवृत्त झाले तेव्हा गुडघे आधीच निवृत्त झालेले होते. म्हटलं, आता मोठं जनावर नको. अडीच-तीन किलोचा पेशंट, टेबलावर ठेवला की झालं. किती सोपं असेल, असं मला खरंच वाटलं होतं.

सोपं नव्हतं. गाय आजारी पडली की सगळ्या वाडीला कळतं. रवंथ थांबतं, दूध आटतं, ती कान पाडून उभी राहते. मांजर दुखणं लपवतं. रानात दुबळं दिसलं की दुसरं कोणीतरी खाणार, ही भीती त्याच्या अंगात अजून आहे, मग ते सोफ्यावर का झोपेना. त्यामुळे मांजराचं म्हातारपण शोधून काढावं लागतं. त्याचं वजन दर महिन्याला करायचं, कारण केसांखाली हाडं दिसत नाहीत. पाण्याचं भांडं पूर्वीपेक्षा लवकर रिकामं होतंय का बघायचं, कारण मूत्रपिंडं थकली की मांजर पाणी जास्त पितं. ते कुठे उडी मारायचं थांबलं, ते आठवायचं. आणि तोंडाचा वास घ्यायचा. हे शेवटचं कोणालाच आवडत नाही, म्हणून ते माझ्याकडे येतं.

आणि मला दिवसातून चार वेळा ऐकावं लागणारं वाक्य म्हणजे ‘वय झालं हो आता त्याचं’. वय हा आजार नाही, हे मी किती जणांना सांगितलं असेल. वय झालं म्हणून कोणी खायचं थांबत नाही. खायचं थांबतं ते काहीतरी दुखतंय म्हणून.

हिंजवडीत नोकरी करणारं एक जोडपं आलं होतं. मांजर अकरा वर्षांचं. ते डिप्रेशनमध्ये आहे असं दोघांचं ठाम मत. रोज खिडकीत बसून रस्ता बघायचं, आता कोपऱ्यात पडून असतं. त्यांनी लॅपटॉपवर तक्ता केला होता, कोणत्या दिवशी किती वेळ उदास. मी मांजराचे मागचे पाय हळूच वाकवले तर त्याने मला बोचकारलं. माझे स्वतःचे गुडघे असे नसते तर कदाचित मलाही इतक्या लवकर कळलं नसतं. मी त्यांना म्हटलं, घरात पाट आहे का? पाट म्हणजे काय इथपासून सुरुवात. शेवटी खिडकीखाली एक बुटकं स्टूल आणि त्याच्याआधी एक पाट अशी पायरी करून दिली, सांधेदुखीचं औषध दिलं. आठवड्याने मांजर खिडकीत बसलेला फोटो आला. तक्ता पुढे चालू राहिला की नाही ते मी विचारलं नाही.

पौडच्या बाजारातले किराणावाले अमीनभाई हे याच्या अगदी उलट टोकाचे. त्यांचा बोका धान्याच्या पोत्यांवर जन्मला आणि तिथेच म्हातारा झाला. मूत्रपिंडं गेली होती. अशा मांजराच्या मानेमागची कातडी उचलून तिच्याखाली सलाइन सोडतात. पाठीवर पाण्याची गाठ येते, ती दिवसभरात जिरते. रोज पौडहून इथवर आणणं शक्य नाही, म्हणून मी अमीनभाईंनाच शिकवलं. ते दुकान उघडल्यावर आधी बोक्याचं सलाइन करायचे, मग गिऱ्हाईक. गल्ल्याशेजारी बोका बसलेला, सुई लावलेली, आणि साखर घ्यायला आलेला माणूस हात वर करून बाटली धरून उभा. ‘दोन मिनिटं धरा हो, पेशंट हाय आपला’ असं म्हणून त्यांनी अर्ध्या बाजाराकडून बाटली धरून घेतली. बोका दीड वर्ष जगला. मी सहा महिने म्हटले होते.

असल्या गोष्टी सांगायला बऱ्या वाटतात. लोक हसतात, मीही हसते. पण लिहायला बसले ती एका वेगळ्या मांजरासाठी, आणि एका शब्दासाठी.

मरणाबद्दल बोलायची पद्धत मी नोकरीत शिकले ती साधी होती. गोठ्यात उभं राहून सांगायचं, ‘हे जनावर जगत नाही, भाऊ.’ समोरचा माणूस खाली बघायचा. कोणी डोळे पुसायचा, कोणी ‘बरं’ म्हणायचा. तडफडणाऱ्या जनावराला इंजेक्शन देऊन सोडवू का, असं विचारलं तर बहुतेक जण नको म्हणायचे. मारल्याचं पाप नको, त्याच्या मरणानं मरू द्या. मांजराच्या बाबतीत तर विचारायची सोयच नव्हती. मांजर मारलं तर सोन्याचं मांजर करून काशीला दान द्यावं लागतं, हे इथे लहान पोरालाही माहीत असतं.

पिरंगुटला दवाखाना घातल्यावर लोक बदलले. सोसायटीतली माणसं स्वतःच विचारायला यायची, पण शब्द उच्चारू शकायची नाहीत. एक मुलगी कुत्र्याला मिठी मारून रडत होती आणि रडता रडता म्हणाली, ‘तुम्ही त्याला झोपवणार ना?’ मला तो शब्द बरा वाटला. मऊ होता. त्याने माझंही काम हलकं झालं, हे कबूल करायला हवं. मग मी तोच वापरायला लागले. ‘झोपवूया आता.’ ‘त्याला काही कळणार नाही.’ ‘अजिबात दुखणार नाही.’ इतक्या वेळा म्हटलं की तोंडात बसलं.

मृणाल म्हणून एक बाई आहेत, जवळच्याच सोसायटीत राहतात. त्यांचा कोको नावाचा लॅब्रेडोर चौदा वर्षांचा झाला आणि त्याचे मागचे पाय गेले. त्याला घेऊन आल्या तेव्हा बरोबर त्यांच्याकडे स्वयंपाकाला येणाऱ्या शालनबाई होत्या. शालनबाई जवळच्या भरे गावच्या. पन्नाशी उलटलेली, बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. कोकोचा भात इतकी वर्षं त्यांनीच शिजवला होता. टेबलापाशी मृणाल होत्या, आणि शालनबाई दारात उभ्या, कोकोचा पट्टा हातात गुंडाळून. मी मृणालला म्हटलं, ‘आतून सगळं संपलंय. औषधाने आता होणार नाही. झोपवूया त्याला. काही कळणार नाही, दुखणार नाही.’ मृणालनी मान हलवली. दहा मिनिटांनी त्या दोघी नुसता पट्टा घेऊन घरी गेल्या.

शालनबाईंशी त्या दिवशी मी एक शब्द बोलले नाही. दारात उभ्या असलेल्या माणसाशी आपण बोलत नाही.

पाच-सहा महिन्यांनी शालनबाई एकट्या आल्या. भाजीच्या टोपलीवर सूप झाकून, सूप साडीच्या चिंधीने बांधून. आत भुरी. करड्या रंगाची, हडकुळी, अंगावरचे केस विस्कटलेले. मांजर स्वतःला चाटायचं थांबलं की केस असे होतात. वय विचारलं तर शालनबाई म्हणाल्या, ‘थोरल्या नातवाच्या बारशाला ही डोळं उगडत व्हती.’ नातू आठवीत होता. म्हणजे तेरा वर्षं. गावाकडे मांजराचं वय असंच मोजतात, आणि सोसायटीतल्या छापील कार्डापेक्षा ते कमी चुकतं.

त्या सांगत होत्या, ताटलीपाशी पळत येते, तोंड घालते आणि ओरडून मागं सरते. भूक लागते पण खाता येत नाही. तोंडातून लाळ गळते, पंज्याने गाल खाजवते. भुरीचं तोंड उघडायच्या आधीच मला कळलं होतं. दाढा मुळाशी किडलेल्या, हिरड्या लालभडक, एक सुळा हलणारा. म्हाताऱ्या मांजरांत हे नेहमीचं आहे आणि त्याचा उपायही नेहमीचा. भूल द्यायची, किडलेले दात काढायचे. चौथ्या दिवशी मांजर मऊ भात खातं आणि दहाव्या दिवशी उंदरामागे धावतं. बिनदातांची मांजरं झकास जगतात. माझ्या धंद्यात खात्रीने समाधान देणाऱ्या गोष्टी फार नाहीत, त्यातली ही एक.

मी रक्त काढून घेतलं. आणि मग टेबलावरून भुरीला उचलत, डोकं दुसरीकडे असताना, शालनबाईंना म्हटलं,

‘तोंड आतून फार खराब झालंय. नुसत्या औषधाने आता होणार नाही. उद्या सकाळी उपाशीपोटी आणा, झोपवावं लागेल तिला.’

शालनबाई म्हणाल्या, ‘दुसरं काय औषिद न्हाई का?’

‘नाही. हाच एक उपाय. घाबरू नका, तिला काही कळणार नाही. दुखणार नाही.’

दात काढायचे आहेत, हे मी म्हणालेच नाही. मला ते इतकं उघड होतं, की ते सांगायचं असतं हेच डोक्यात आलं नाही. शालनबाईंनी टोपली जवळ ओढली. सूप पुन्हा झाकलं, चिंधीची गाठ दोनदा मारली. ‘घरी इचारून येते,’ म्हणाल्या आणि गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. रक्ताचा रिपोर्ट आला तो बरा होता. मूत्रपिंडं वयाच्या मानाने ठीक, थोडी काठावर, पण भूल सोसण्याइतकी. मी फोन केला, उचलला नाही. आणखी एकदा केला. तिसऱ्यांदा केला नाही. मनात म्हटलं, गावातल्या मांजरासाठी कोण एवढं करणार, गेलं असेल कुठंतरी. इतकी वर्षं ज्या लोकांत राहिले त्यांच्याबद्दल मी असा विचार केला. रिपोर्ट घडी करून खणात टाकला.

दोन महिने गेले. मृणालनी नवीन पिल्लू घेतलं होतं, त्याच्या लसीला त्या आल्या. बोलता बोलता हसत म्हणाल्या, ‘आमच्या शालनताई तुमच्यावर रागावल्यात हं. म्हणतात, साधं तोंड आलंवतं मांजराचं, तर डॉक्टरीणबाई मारायलाच निघाल्या.’

मीही आधी हसले. मग सुई हातात धरून उभी राहिले. मी त्या दिवशी काय काय म्हटलं होतं ते एकेक वाक्य आठवत गेलं, आणि कोकोच्या वेळी काय म्हटलं होतं तेही. दोन्ही वेळची वाक्यं सारखीच होती. ‘औषधाने होणार नाही’ सुद्धा. ‘भूल’ हा दोन अक्षरांचा शब्द माझ्याकडे होता, आणि भूल द्यायच्या जागी ती मलाच पडली होती.

पिल्लाला लस टोचली, दवाखान्याचं शटर ओढलं आणि भर दुपारी भऱ्याला गेले.

शालनबाईंच्या घरापुढे भाड्याच्या चार खोल्यांची रांग आहे, त्यांच्या दिराने बांधलेली. कंपनीतल्या पोरांचे कपडे दोरीवर वाळत होते. शेवटच्या दारात शालनबाई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघितल्यावर उठल्या, आणि दारातून बाजूला न होता तिथेच उभ्या राहिल्या.

‘भुरी कशी आहे?’ मी विचारलं.

‘मेली,’ त्या म्हणाल्या. ‘मागच्याच महिन्यात.’

मी काही बोलणार एवढ्यात आतून बारीक आवाज आला. मांजराचाच. शालनबाईंनी माझ्या नजरेला नजर दिली नाही, पण दारही सोडलं नाही. भुरीला त्यांनी कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली ठेवलं होतं, कुत्र्यांपासून, आणि आता माझ्यापासून.

मी उंबऱ्यावरच बसले. गुडघ्यांमुळे मला तसंही उभं राहवत नाही. म्हटलं, शालनबाई, मी तिला मारणार नव्हते. मला तिचे दात काढायचे होते. त्यासाठी भूल द्यावी लागते, भूल देण्यालाच मी झोपवणं म्हटलं. चुकलं माझं.

त्यांनी विचारलं,

‘भूल?’

‘हो.’

‘मंग भूल म्हनायचं की वो बाई. भूल का मला ठावं न्हाई? थोरल्याच्या टायमाला पोट फाडलं माजं, तवा दिली व्हती मला भूल.’ त्यांचा आवाज चढला नाही. ‘कोकोला बी तुमी झोपवतेच म्हनला व्हता. म्या दारातच हुबी व्हते.’

त्यांनी आत जाऊन डालगं उचललं.

दोन महिने त्या बाईने काय केलं होतं ते ऐका. सुकटीचं पाणी काढून त्यात भाकरी कुस्करायची, बोटावर घेऊन गालाच्या बाजूने आत सोडायची, दिवसातून सहा-सात वेळा. मृणालकडचं काम आटोपून मध्ये एकदा घरी यायचं, तेवढ्यासाठी. हिरड्यांना तूप-हळद. कोणीतरी सुचवलेली माणसाची तापाची गोळी त्यांनी दिली नव्हती, ‘इतकुशा जिवाला मानसाचं औषिद कसं द्यायचं’ म्हणून. ती गोळी मांजराला विष असते, हे शिकलेल्या किती लोकांना मी ओरडून सांगते. भावाच्या मुलीच्या लग्नाला त्या गेल्या नव्हत्या. आणि या सगळ्यात मांजर दिवसाला जेमतेम चार घास गिळत होतं, पाणी त्याहून कमी. दोन किलोच्या आत आलं होतं. डोळे खोल गेलेले. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहिली. अंगातलं पाणी संपलं की असं होतं.

स्कूटरवर माझ्यामागे शालनबाई टोपली मांडीवर घेऊन बसल्या. पुन्हा रक्त काढलं. काठावर होती ती मूत्रपिंडं आता काठावर राहिली नव्हती. या अवस्थेत भूल देणं म्हणजे खरोखरच मारणं. आधी सलाइन, मग जमलं तर दात, असं मी ठरवलं आणि शालनबाईंना तसंच, शब्द तोलून सांगितलं. काय करणार, कशासाठी, त्याने काय होईल आणि काय होणार नाही. त्यांनी दोनदा विचारलं, मी दोनदा सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच मी एखाद्या पेशंटच्या माणसाशी इतकं नीट बोलले असेन.

चार दिवस भुरी माझ्याकडे होती. शालनबाई सकाळी कामावर जायच्या आधी यायच्या, दुपारी यायच्या, संध्याकाळी बस पकडायच्या आधी यायच्या. स्टुलावर बसून सलाइनच्या थेंबाकडे बघत राहायच्या. दुसऱ्या दिवशी भुरीने मान उचलली आणि त्यांच्या बोटावरचं सुकटीचं पाणी चाटलं, तेव्हा त्या माझ्याकडे बघून हसल्या. त्यांना हसताना मी तेव्हाच पाहिलं. तिसऱ्या दिवशी चाटलं नाही. चौथ्या दिवशी भुरीला झटके यायला लागले, आणि तोंडाला मूत्रपिंडं बंद पडल्याचा तो वास यायला लागला जो आल्यावर मी रक्त तपासत नाही.

शालनबाई दुपारी आल्या तेव्हा मी त्यांना खुर्चीवर बसवलं. म्हटलं, ‘शालनबाई, ती जगत नाही. असेच झटके येऊन उद्या-परवा मरेल. नाहीतर मी इंजेक्शन देऊन आत्ता मारू शकते. त्याने तिचा त्रास थांबेल.’ मारू हा शब्द पिरंगुटच्या दवाखान्यात मी पहिल्यांदा उच्चारला. तो वाटला होता तितका जड नव्हता.

त्यांनी भुरीला मांडीवर घेतलं. कानामागे बोट फिरवत राहिल्या. पापाचं काही बोलल्या नाहीत, सोन्याच्या मांजराचंही नाही. नुसतं विचारलं,

‘तवाच आनली असती, दात काडलं असतं, तर जगली असती का वो?’

मला उत्तर माहीत होतं. दोन महिन्यांपूर्वीचा रिपोर्ट खणात होता, हात लांब केला की मिळेल असा. जगली असती. दोन वर्षं, कदाचित तीन.

मी म्हणाले, ‘नाही हो. वय झालं होतं तिचं.’

‘मंग बरं,’ त्या म्हणाल्या. आणि भुरीचा पुढचा पाय त्यांनीच माझ्यापुढे धरला.

त्या दिवशी मला वाटलं, मी शालनबाईंसाठी खोटं बोलले. आपण मांजर लपवून ठेवलं म्हणून ते मेलं, असं त्यांना जन्मभर वाटायला नको. घरी जाऊन जेवले, झोपही लागली. दमलेल्या माणसाला झोप लागते.

शालनबाई अजून येतात. परसातल्या घेवड्याच्या शेंगा आणून देतात, भोपळा आणून देतात. डॉक्टरीणबाईंनी लई केलं भुरीचं, असं मृणालकडे सांगतात. प्रत्येक वेळी शेंगा घेताना मला त्या खणाची आठवण होते, पण तेवढ्यापुरती. त्या भोपळ्याची मी भाजीही करून खाल्ली आहे.

मग दोन महिन्यांपूर्वी भऱ्याचीच एक बाई मृणालच्या सोसायटीत कामाला लागली. मृणालनी सांगितलं, तिच्या मांजराचीही लाळ गळते, खात नाही. मी म्हटलं, घेऊन यायला सांगा, दात असतील, साधं काम आहे. मांजर आलं नाही. पुन्हा निरोप पाठवला. तेव्हा कळलं की शालनबाईंनीच तिला अडवलं होतं. ‘म्हातारं मांजर हाय, कशाला हाल करतीस त्येचं,’ असं त्या म्हणाल्या होत्या. ‘दात काडलं तरी जगत न्हाईत. डाक्टरीनबाईंनीच सांगितलंय, वय झालं की काय उपेग न्हाई.’

ते मांजर गेलं. मला ते बघायलाही मिळालं नाही.

आणि तेव्हा मला हेही उमगलं की त्या दुपारी मी खोटं बोलले ते शालनबाईंसाठी नव्हतं. ‘जगली असती’ म्हटलं असतं तर पुढचं वाक्यही म्हणावं लागलं असतं, कोणामुळे मेली ते. ते मला म्हणायचं नव्हतं. चाळीस वर्षं धंदा करून एका स्वयंपाकाच्या बाईसमोर ते मला म्हणवलं नाही.

शालनबाई सातवी शिकल्या आहेत. मृणालकडचा पेपर त्या रोज वाचतात, दुपारी, भांडी निथळत असताना. हे ज्या अंकात छापून येईल तो हातात आला की मी तो घेऊन भऱ्याला जाणार आहे. तोंडाने सांगायला जाईन आणि पुन्हा काहीतरी मऊ बोलून परत येईन, याची मला भीती वाटते, म्हणून आधी लिहून ठेवलं. हे पान मी त्यांना उघडून देईन, उंबऱ्यावर बसेन आणि त्यांचं वाचून होईपर्यंत उठणार नाही.

शालनबाई, भुरी जगली असती. तुम्ही तिला लपवलंत ते बरोबर केलंत, मी तुमच्या जागी असते तर तेच केलं असतं. चूक माझी होती.